रॅम फास्ट, तरी लॅपटॉप स्लो?

सबमिशन उद्यावर आलंय, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे आहेत आणि शॉर्टफिल्म एक्स्पोर्ट करताना लॅपटॉपने मान टाकलीय. ग्रुपमधला टेक-गुरू म्हणतो, ‘३२००ची रॅम टाक, उडेल!’ मग तुम्ही अंधेरी-बोरिवलीहून थेट ग्रँट रोडला उतरता, मुलुंड-घाटकोपरवाले दादरला गाडी बदलून येतात आणि सगळे लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर उभे राहतात. पाकीट उघडण्याआधी दोन मिनिटं थांबा. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडलेत. चुकीची स्टिक घेणं आता परवडत नाही.

३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ट्रान्सफर. कागदावर एका स्टिकचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, २४००च्या स्टिकचा १९.२. पण हा वेग एकटी रॅम ठरवत नाही. फास्ट लोकल स्लो ट्रॅकवर वळवली की काय होतं, ते तुम्हाला माहितीय. पुढच्या गाडीच्या मागे गपगुमान चालायचं! इथेही तसंच. कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर डीडीआर४ रॅम २४००पर्यंतच चालवतो. त्यात ३२००ची स्टिक लावलीत, तर ती बहुतेक वेळा चालेल, पण २४००नेच. जुनी २४०० आणि नवी ३२०० शेजारी लावली, तरी दोघी हळू असलेलीच्या वेगाने धावणार. लॅपटॉप बिघडणार नाही, फक्त जास्तीचा वेग वाया जाईल.

वेग जुळला नाही तर निभावतं, पिढी जुळली नाही तर नाही. लॅपटॉपच्या डीडीआर४ स्टिकला २६० पिना, डीडीआर५ला २६२. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावू नका!

मग फास्ट रॅमने फरक पडतच नाही का? पडतो, पण कुठे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं. तिथे गेमिंगमध्ये वेग जाणवतो. नोट्स, पीपीटी, ब्राउझिंगमध्ये जवळपास नाही. रॅमला पहिला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ २४०० (सीएल १७) मध्ये सुमारे १४.२ नॅनोसेकंद आणि ३२०० (सीएल २२) मध्ये १३.७५. हा फरक तुम्हाला कळणार आहे का?

खरा फरक पडतो तो ८ जीबीचे १६ जीबी केल्यावर. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान हलवत बसतं आणि सगळं अडकतं. दुसरा फरक दोन स्टिक्सचा. दोन्ही स्लॉट भरले की डेटाला दोन ट्रॅक मिळतात, म्हणजे २४००च्या जोडीचाही कमाल वेग ३८.४ जीबी. एकट्या ३२००पेक्षा जास्त! आणि अजून जुनी हार्ड डिस्कच असेल, तर आधी एसएसडी घ्या.

म्हणून निघण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. काम करताना रॅम किती भरते, स्पीड किती, किती स्लॉट वापरात आहेत, याचा स्क्रीनशॉट काढा. कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल शोधून रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली नाही ना, तेही बघा. तशी असेल आणि मोकळा स्लॉट नसेल, तर ग्रँट रोडचं तिकीट वाचलं. नाहीतर काउंटरवर तो स्क्रीनशॉट दाखवा आणि तेवढंच मागा.