पडद्यावरची अळी, बोंडातली अळी

मेळाव्यात हल्ली पडद्यावर चित्रे दाखवून माहिती देतात. फायदा आहेच. गुलाबी बोंडअळी जेमतेम अर्धा इंच. पडद्यावर ती मागे बसलेल्या आजीलाही दिसते. डोमकळी तर चित्रानेच चटकन कळते.

पण चित्रे भराभर सरकतात, अंधारात प्रश्न विचारायला माणूस बुजतो. शिवाय पडद्यावरची अळी हातभर नि गुलाबी. बोंडातली लहान अळी असते पांढुरकी. गुलाबीच शोधत बसलात, तर फवारणीची वेळ टळते. २०१७ साली विदर्भाने या अळीचा तडाखा सोसला आहे.

म्हणून वक्त्याला थांबवून विचारा. मग शेतात जाऊन २० हिरवी बोंडे फोडा. दोन किडकी निघाली, तर उपाय लांबणीवर टाकू नका.