सात चषकांचं गाव

खेळाचा इतिहास बहुधा मोठ्या शहरांच्या नावानं लिहिला जातो. पैसा तिथं, मैदानं तिथं, वर्तमानपत्रंही तिथलीच. पण न्यूझीलंडच्या नेटबॉलची दहा वर्षं सांगायची, तर बोट नकाशाच्या पार तळाशी न्यावं लागतं. तिथं इन्व्हरकार्गिल नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं शहर आहे. आपल्या हिशेबानं तालुक्याचं गावच. त्याच्या पुढं एक बेट, थंडगार समुद्र आणि मग अंटार्क्टिका. या गावाचा महिला संघ होता 'सदर्न स्टिंग'. स्टिंग म्हणजे डंख.

आपल्याकडं नेटबॉल घरोघरी ठाऊक नाही. बास्केटबॉलचीच ही बहीण. संघ सात जणींचा. चेंडू आपटत पळायचं नाही; हाती आला की तीन सेकंदांत दुसरीकडं द्यायचा. कड्यामागं फळी नाही आणि गोल करण्याची मुभा सातांपैकी दोघींनाच. थोडक्यात, एकटीनं गाजवायचा हा खेळ नव्हे.

१९९८ साली न्यूझीलंडमध्ये दहा विभागीय संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी स्टिंग अंतिम सामन्यात पोहोचला आणि हरला. हरवलं कोणी? शेजारच्या ड्युनेडिनच्या 'ओटागो रेबल्स'नं. त्यानंतर मात्र १९९९ ते २००४ अशी सलग सहा वर्षं चषक इन्व्हरकार्गिललाच गेला. २००५ आणि २००६ मध्ये वायकाटोच्या 'मॅजिक' संघानं तो हिरावला. २००७ साली स्टिंगनं परत मिळवला. दहा वर्षांत दहा अंतिम सामने, सात विजेतेपदं! या दहाही वर्षांत प्रशिक्षक एकच : रॉबिन ब्रॉटन. बर्नीस मीन ही याच गावात जन्मलेली, राष्ट्रीय संघाची कर्णधार झालेली खेळाडू स्टिंगकडून खेळली. नेटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांत देशाचं प्रतिनिधित्व करणारी डॉना लॉफहेगनही स्टिंगचीच.

आणि ऐन विजयाच्या वर्षीच संघ संपला. २००८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची सामाईक लीग सुरू व्हायची होती. न्यूझीलंडच्या वाट्याला जागा आल्या पाच. आठांचे पाच करायचे म्हणजे विलीनीकरण आलंच. स्टिंगला जोडलं गेलं ते नेमकं रेबल्सशी, पहिल्या अंतिम सामन्यातल्या त्या प्रतिस्पर्ध्याशी! नव्या संघाचं नाव 'सदर्न स्टील'. डंखाचं पोलाद झालं.

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसते. जुन्या स्पर्धेचं शेवटचं नाव होतं 'नॅशनल बँक चषक'. ती बँक २००३ मध्येच एएनझी बँकेनं विकत घेतली होती. नवी लीग आली ती एएनझीच्या नावानं, आणि २०१२ मध्ये नॅशनल बँकेचं नावही पुसायचं ठरलं. संघ गेला, चषक गेला, चषकाला नाव देणारी बँकही गेली.

आपण २०१९ मध्ये देना बँकेची पाटी उतरताना पाहिली. विलीनीकरणात खाती, ठेवी, कर्जं सगळं पैशापैशानं पुढं नेलं जातं. बेरीज चुकत नाही. पण 'आमची बँक' म्हणताना त्यातला 'आमची' कोणत्या खात्यात जमा करायचा, याचा रकाना कुठल्याच ताळेबंदात नसतो. स्टिंगच्या बाबतीत हाच प्रश्न होता. गाव आता आपला संघ आणि आपले सामने ड्युनेडिनशी वाटून घेणार होतं.

तरी ही नुसती रडकथा नाही. ब्रॉटनबाई नव्या संघाच्याही प्रशिक्षक झाल्या. सप्टेंबर २०१० मध्ये बर्फाच्या भारानं गावाच्या क्रीडागृहाचं छत कोसळलं. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. २०१४ साली ते पुन्हा उभं राहिलं आणि २०१७ मध्ये स्टीलनं एकही सामना न हरता न्यूझीलंडचं विजेतेपद मिळवलं.

संघाचं नाव बदलणं हा कागदावरचा निर्णय असतो, एका बैठकीत होतो. थंडीवाऱ्यात बाहेर पडून दुसऱ्याच्या लेकीबाळींसाठी घसा बसेपर्यंत ओरडण्याची सवय मात्र ठराव करून लागत नाही, आणि ठराव करून मोडतही नाही. स्टिंगनं गावाला सात चषक दिले, ते कपाटात आहेत. ही सवय दिली, ती अजून वापरात आहे.