विद्यार्थ्यांचें मत

नांदेडजवळील विष्णुपुरी येथें १७ सप्टेंबर १९९४ रोजीं स्थापन झालेल्या विद्यापीठास हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे. परंतु त्याच वर्षाच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील विद्यार्थि-प्रतिनिधि मतांऐवजीं परीक्षेच्या गुणांवरून नेमले जाऊं लागले. २०१६ च्या कायद्यानें निवडणुकीची तरतूद पुन्हां केली. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं मान्य केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींप्रमाणें उमेदवारानें ५,००० रुपयांहून अधिक खर्च करूं नये, छापील भित्तिपत्रकें लावूं नयेत व राजकीय पक्षाचा पैसा घेऊं नये. हेतु हा कीं, कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीसही उभें राहतां यावें. गुणपत्रिका अभ्यास दाखविते. सहाध्यायांचा विश्वास मात्र मतपेटींतूनच कळतो.