निरोप पलीकडे कसा जातो?



आमच्या शेजारची एक मुलगी डॉक्टरकी शिकायला चीनमध्ये आहे. सुट्टीला घरी आली होती. ती परत निघायच्या आदल्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, पोरगी फोनात काहीतरी भरत बसलीय. मला काही कळंना. जरा बघा की." मी गेलो. जे पाहिले, ते तुम्हालाही सांगतो.

आधी अडचण समजून घेऊ. चीनच्या सरकारने इंटरनेटला कुंपण घातले आहे. २०१७ साली तिथे व्हॉट्सॲप बंद झाले. गूगल, यूट्यूब, फेसबुक त्याआधीच बंद होते. तिथले लोक वुईचॅट वापरतात. पण वुईचॅटवर आपल्या सरकारने २०२० साली बंदी घातली. म्हणजे आईचे लेकीकडे चालत नाही, अन् लेकीचे आईकडे चालत नाही!

अशा वेळी लोक प्रॉक्सी वापरतात. प्रॉक्सी म्हणजे काय? आपण कचेरीत जाऊ शकत नसलो, तर दुसऱ्याला मुखत्यारपत्र देतो. तो आपल्या वतीने काम करतो. प्रॉक्सी हा तसाच मुखत्यार. तो माणूस नव्हे, कुंपणाबाहेरच्या देशात ठेवलेला कॉम्प्युटर असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मुलीचा निरोप कुलूपबंद होऊन आधी त्याच्याकडे जातो. तो निरोप पुढे पोचवतो. उत्तरही त्याच वाटेने येते.

एक सर्व्हर बंद पडला, तर दुसरा लागतो. प्रत्येकाचा पत्ता हाताने भरायचा म्हणजे मोठी कटकट. म्हणून सेवा देणारा वर्गणी घेतो आणि एक लिंक देतो. त्या लिंकमागे सगळ्या सर्व्हरांची यादी असते. यादी बदलली, तरी लिंक बहुधा तीच राहते.

मुलीने कॉम्प्युटरवर असे केले :

१. लिंक कॉपी केली.
२. प्रॉक्सीचे ॲप उघडून 'सबस्क्रिप्शन' या जागी लिंक चिकटवली. 'इंपोर्ट' दाबताच यादी आली.
३. प्रत्येक सर्व्हरला किती वेळ लागतो, ते तपासले. आकडा लहान, तर सर्व्हर चपळ.
४. एक सर्व्हर निवडून 'सिस्टीम प्रॉक्सी' हे बटण चालू केले.

काम झाल्यावर हे बटण आठवणीने बंद करावे. नाहीतर ॲप बंद झाल्यावरही कॉम्प्युटर त्याच दारावर थापा मारत राहतो, आणि इंटरनेट चालेनासे होते.

मोबाईलवरही रीत तीच. अधिक चिन्ह दाबून लिंक भरली. 'अपडेट' दाबून यादी आणली. एक सर्व्हर निवडला. पहिल्या वेळी फोनने व्हीपीएनची परवानगी विचारली. ती दिल्यावर वरच्या बाजूला किल्लीचे चिन्ह आले. हे सारे तिने इथेच उरकले, कारण तिथे असली ॲप सहज मिळत नाहीत.

आई म्हणाली, "माझ्या बी फोनात घाल की."

मुलगी हसली. "आई, कुंपण माझ्याकडं आहे. तुला कशाला?"

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, ही लिंक मित्रांच्या ग्रुपवर टाकू?"

तेव्हा मी म्हणालो, "बाळ, घराची किल्ली चावडीवर टांगतोस का?" लिंक ज्याच्या हाती, त्याला तिची वर्गणी वापरता येते. चार जणांनी वापरली, की तिचा डेटा संपतो. लिंक बाहेर गेलीच, तर सेवा देणाऱ्याकडून बदलून घ्यावी.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मुखत्यार नीट पारखून घ्यावा. व्हॉट्सॲपचा मजकूर कुलूपबंद असतो, तो प्रॉक्सीला वाचता येत नाही. पण आपण कुठे जातो, किती वेळ थांबतो, हे त्याला दिसते. कुलूप नसलेल्या वेबसाइटवर लिहिलेले तर सगळेच दिसते. कोणी फुकट सेवा देत असेल, तर त्याचा खर्च कोण भरतो, हे विचारावे. अनोळखी प्रॉक्सी चालू ठेवून बँकेचे काम कधीही करू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. सरकारी परवानगी नसलेला असा मार्ग चीनच्या नियमांत बसत नाही. काहींना दंडही झाला आहे. म्हणून मी मुलीला म्हणालो, "कॉलेजात विचारून घे. आपले सिमकार्ड रोमिंगवर चालते का, तेही बघ. खर्च जास्त येईल, पण रोज नाही, आठवड्याला बोला."

आईने मान डोलावली. म्हणाली, "आठवड्याला का होईना, तोंड दिसलं म्हंजे झालं."

बंधुभगिनींनो, मुखत्यारपत्रावर अंगठा उठवण्याआधी आपण माणूस पारखतो. फोनात परवानगीचे बटण दाबणे, हाही अंगठाच आहे. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग दाबा.