फोनवरचा भामटा आणि घरचा परवलीचा शब्द

या वेळचा लेख मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे. भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही हाक मारा. हा लेख लिहायला कारण झाले तेही एक आजोबाच आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच आम्ही ही हकिगत सांगत आहोत.

आपल्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा उन्हाळ्यात नाशिकहून इकडे आले होते. एका दुपारी घरात ते आणि नातू असे दोघेच. फोन वाजला. पडद्यावर वॉशिंग्टनचा नंबर दिसत होता. बोलणारा म्हणाला, मी इमिग्रेशनच्या कचेरीतला अधिकारी. आधी इंग्रजीत बोलला, मग आजोबांचे उच्चार ऐकून हिंदीवर आला आणि त्यांना 'अंकलजी' म्हणू लागला. तुमच्या मुलाच्या व्हिसाच्या कागदांत गडबड सापडली आहे, आज संध्याकाळपर्यंत ९०० डॉलर दंड भरला नाही तर पोलीस त्याला ऑफिसातून उचलतील, असे त्याने सांगितले. दंड भरायचा कसा? तर जवळच्या दुकानातून गिफ्ट कार्डे विकत घ्यायची आणि त्यांच्या मागचे आकडे फोनवर वाचून दाखवायचे. शिवाय एक अट : फोन खाली ठेवायचा नाही आणि कोणाला काही सांगायचे नाही. मुलाला तर नाहीच, कारण त्याच्या साहेबांना कळले तर नोकरी जाईल.

आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अडाणी नव्हेत, भोळेही नव्हेत. तरी त्यांनी जवळचे डॉलर खिशात घातले, चपला पायांत सरकवल्या आणि फोन कानाला लावूनच दाराकडे निघाले. नातू म्हणाला, "आजोबा, पोलीस गिफ्ट कार्ड कशाला मागतील?" आजोबांनी ओठांवर बोट ठेवले. मग मात्र त्याने घरातल्या दुसऱ्या फोनवरून आईला गाठले. आईने सांगितले, "आजोबांच्या हातातला फोन घे आणि बंद कर." त्याने तसे केले. पैसे वाचले.

आता हा डाव कसा रचलेला असतो ते पाहू. पडद्यावर दिसणारा नंबर खरा असेलच असे नाही. फोन करणाऱ्याला तिथे हवा तो नंबर उमटवता येतो. सरकारी कचेरीचा, पोलिसांचा, अगदी आपल्या घरच्या माणसाचासुद्धा. फसवण्यासाठी असे करणे या देशात गुन्हा आहे, पण चोराला त्याचे काय? २०१८ साली वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाचे नंबर दाखवून लोकांना असे फोन आले होते आणि दूतावासाला लोकांना सावध करावे लागले होते. तेव्हा नंबर पाहून माणूस ओळखू नये.

गिफ्ट कार्डच का मागतात? कारण मागचे आकडे कळले की कार्ड कोणाच्या हातात आहे याला काही अर्थच उरत नाही. पलीकडचा माणूस काही मिनिटांत त्यातली रक्कम काढून घेतो आणि ती परत मिळणे फार कठीण. म्हणून ही खूण मुलांनीही पाठ करून ठेवावी : कोणतेही सरकारी खाते गिफ्ट कार्डाने दंड किंवा कर घेत नाही. आयकर खाते, म्हणजे आय.आर.एस., कराबद्दल काही म्हणायचे असेल तर साधारणपणे आधी टपालाने पत्र पाठवते. इमिग्रेशनचे खातेही फोनवरून फी मागत नाही.

फोन ठेवू नका, असे का सांगतात? कारण फोन ठेवला की माणूस विचार करतो आणि घरच्यांना विचारतो. भामट्याला नेमके तेच नको असते. त्याची सगळी मदार घाई आणि गुप्तता या दोन गोष्टींवर आहे. आपल्यातल्या बऱ्याच आईबाबांना घाटातली 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आठवत असेल. ती गाडी हाकणाऱ्यांसाठी होती खरी, पण आमच्या मते या देशात ती फोनशेजारी लावायला हवी.

आपल्या लोकांना हा धाक चटकन का लागतो, तेही मान्य करायला हवे. व्हिसा, ग्रीन कार्ड, नोकरी यांची टांगती तलवार आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेली असते. 'कागदांत गडबड' हे दोन शब्द ऐकले की हातपाय गळतात. फोनवरच्या माणसाला हे पक्के ठाऊक असते, कारण बऱ्याचदा तो आपल्यातलाच असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या आणि शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. अमेरिकन लोकांना आय.आर.एस.च्या नावाने धमकावून पैसे काढणे, हा तिथला धंदा. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या अशाच एका मोठ्या टोळीवर आरोप ठेवले. जुलै २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयात त्या टोळीतल्या २१ जणांना शिक्षा झाल्याचे जाहीर झाले. त्यातली सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांची होती. मीरा रोडचे नाव वाचून आम्हाला मान खाली घालावीशी वाटली, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. धाडी पडल्या, शिक्षा झाल्या, पण असे फोन काही थांबले नाहीत.

त्यात आता नवीन भर पडली आहे. इंटरनेटवर टाकलेल्या एखाद्या छोट्या व्हिडिओतला आवाज घेऊन संगणक त्या माणसासारखा बोलू शकतो. मार्च २०२३ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याबद्दल लोकांना सावध केले. "आजी, माझा अपघात झाला आहे, लगेच पैसे पाठव, बाबांना सांगू नकोस," असा रडका आवाज येतो आणि तो हुबेहूब नातवाचा वाटतो. आपली मुले मराठी ज्या हेलात बोलतात तो कोणाला जमणार नाही, असे एक बाबा वर्गात गमतीने म्हणाले. पण त्यावर विसंबून राहू नये.

भारतातल्या आजी-आजोबांना तर घड्याळही अडचणीचे ठरते. नाशिकला सकाळचे ११ वाजतात तेव्हा आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. "तुमची नात आमच्या ताब्यात आहे," असा फोन तिकडे गेला आणि त्यांनी खातरजमा करायला नातीला फोन लावला, तर ती बिचारी झोपलेली! फोन उचलला जात नाही आणि भीती दुप्पट होते. म्हणून त्यांच्याकडे आपला एकच नंबर न ठेवता शेजाऱ्यांचा आणि जवळच्या मित्राचाही लिहून द्या. तिकडे पोलिसांचे नाव सांगून व्हिडिओ फोनवर माणसाला तासन्‌तास 'डिजिटल अटके'त ठेवण्याचे प्रकारही झाले आहेत. कायद्यात अशी अटक मुळातच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितले होते. पैसे गेलेच तर भारतात १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करता येते. तोही त्याच कागदावर लिहा.

आता परवलीचा शब्द. किल्ल्याच्या दारावरचे पहारेकरी रात्री येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारत, हे मुलांनी गोष्टींत ऐकले आहे. तसाच एक शब्द आपल्या घराने ठरवायचा. फोनवर कोणीही घरचे माणूस संकटात असल्याचे सांगून पैसे मागू लागले की आधी तो शब्द विचारायचा. शब्द कुत्र्याच्या नावाचा, गावाचा किंवा लाडक्या नावाचा नको. ते सगळे फोटोंखाली लिहिलेले सापडते. घरातल्या एखाद्या फजितीवरून घ्या, म्हणजे कोणी विसरणार नाही. एका घराने स्वयंपाकातल्या एका फसलेल्या पदार्थाचे नाव घेतले आहे. कोणता ते आम्हाला माहीत नाही आणि माहीत असायलाही नको. शब्द मेसेजमध्ये लिहून पाठवू नका, जेवताना तोंडी सांगा. शाळेत न्यायला अनोळखी माणूस आला आणि "आईने पाठवले आहे" म्हणाला, तरी मुलांनी हाच शब्द विचारावा. सांगता आला नाही तर परत शाळेत, बाईंकडे जायचे. आणि कोणी घाबरून शब्दच विसरले तर? फोन ठेवायचा आणि त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरावर आपण स्वतः फोन करायचा. ही युक्ती शब्दाहूनही जुनी आणि पक्की आहे.

बालमित्रांनो, घरी एकटे असताना फोन आला तर "आईबाबा घरी नाहीत" असे सांगू नका. "आई आत्ता फोनवर येऊ शकत नाही, निरोप सांगा," म्हणा. यात खोटे काही नाही. आईबाबांचे नंबर तोंडपाठ हवेत. हल्ली ते सगळे फोनलाच पाठ असतात आणि फोन हरवला की आपणही हरवतो. ९११ लावायची वेळ आलीच तर सर्वांत आधी पत्ता सांगा, बाकीचे मग.

कार्डाचे आकडे सांगून झालेच असतील तर कार्ड आणि दुकानाची पावती फेकू नका. कार्डाच्या कंपनीला लगेच फोन करा. कधीकधी रक्कम शिल्लक असते आणि ती थोपवता येते. फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. साठी उलटलेल्यांसाठी न्याय खात्याची मदतीची वेगळी फोनसेवा आहे : ८३३-३७२-८३११.

पुन्हा त्या आजोबांकडे येतो. त्या संध्याकाळी घरात सगळे हसले. नातवाचे कौतुक झाले आणि कोणीतरी आजोबांची नक्कलही केली. आजोबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजला की ते अंगणात जाऊन बसू लागले. चार दिवसांनी त्यांनी सुनेला सांगितले की तसाच एक फोन गेल्या वर्षी नाशिकलाही आला होता आणि तेव्हा त्यांचे पैसे गेले होते. लोक हसतील म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्यावेळी बोलले असते, तर या वेळी सुनेने त्यांना आधीच सावध केले असते. म्हणून पालकहो, घरात कोणी फसले तर पहिले वाक्य "असे कसे केलेत तुम्ही?" हे नसावे. "बरे झाले सांगितलेत," हे असावे. मुलांच्या बाबतीतही तेच.

पुढच्या शनिवारी वर्गात या फोनचे छोटे नाटुकले करणार आहोत. आजी, आई, दुकानदार आणि नातू यांच्या भूमिकांसाठी मुलांनी नावे दिली आहेत. भामट्याची भूमिका करायला कोणी तयार होईना. शेवटी त्या आजोबांनीच ती मागून घेतली. त्याचे बोलणे आपल्याला शब्दन्‌शब्द पाठ आहे, असे ते म्हणतात.