ताऱ्याचे वय कसे कळते?

हिवाळ्याच्या रात्री आकाशात लहान ताऱ्यांचा एक दाट पुंजका दिसतो. मराठीत त्याला कृत्तिका म्हणतात. उर्दूत त्यालाच सुरय्या म्हणतात. या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे ४४० वर्षे लागतात. इतक्या दूर कोणी जाऊ शकत नाही. तरीही हे तारे तरुण आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यांना हे कसे कळले? ताऱ्यांच्या प्रकाशावरून!

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिले असेल. ते आधी लाल होते, मग पिवळे आणि फार तापले की पांढरे दिसते. ताऱ्यांचेही तसेच आहे. लाल तारा कमी तापलेला, तर निळसर तारा अतिशय तप्त असतो. कृत्तिकांमधील ठळक तारे निळसर आहेत. असे मोठे, तप्त तारे आपले इंधन भराभर संपवतात. म्हणून ते फार काळ टिकत नाहीत. ते अजून तळपत आहेत, याचा अर्थ ते तरुण आहेत. त्यांचे वय सुमारे १० ते १२ कोटी वर्षे आहे. आपला सूर्य मात्र सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे.

पण केवळ रंगावरून प्रत्येक ताऱ्याचे वय ठरत नाही. प्रकाश काचेच्या लोलकातून गेला, की रंगांचा पट्टा दिसतो. त्याला वर्णपट म्हणतात. ताऱ्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. लिथियम हे मूलद्रव्य सूर्यासारख्या ताऱ्याच्या तप्त अंतर्भागात हळूहळू नष्ट होते. म्हणून अशा ताऱ्याच्या वर्णपटात लिथियमची रेषा ठळक दिसली, तर तो लहान वयाचा समजतात.

कृत्तिका वृषभ राशीत आहेत. त्याच राशीत त्यांच्याहूनही लहान वयाचे तारे आहेत. त्यांचे तेज सतत कमी-जास्त होते. १९४५ साली आल्फ्रेड जॉय या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा ताऱ्यांचा वेगळा गट ओळखला. हे तारे नुकतेच जन्मलेले आहेत, हे पुढे लक्षात आले. २०१४ साली चिली देशातील आल्मा दुर्बिणीने डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपून अशाच एका बालताऱ्याचे चित्र मिळवले. त्याच्याभोवती धूळ आणि वायू यांची मोठी तबकडी दिसली. अशा तबकडीतूनच ग्रह तयार होतात.

आपली पृथ्वीही एकेकाळी बालसूर्याभोवतीच्या धुळीतून घडली. तो काळ कोणी पाहिला नाही. त्याची गोष्ट आज दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्याला सांगत आहे.