कोल्हापूर शहरापुढील नागरी आव्हाने

कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्रातील पंचगंगा नदीकाठी वसलेले शहर असून ते पूर्वीच्या कोल्हापूर संस्थानाची राजधानी होते. येथे इ.स. १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. महानगरपालिकेचे क्षेत्रफळ ६६.८२ चौ. किमी असून २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. महापूर, रखडलेली हद्दवाढ, नाट्य व चित्रपट परंपरेचे जतन आणि अलीकडच्या काळातील ऑनलाइन फसवणूक हे शहरापुढील ठळक प्रश्न आहेत. हे विषय परस्परांपासून दूरचे असले, तरी त्यांत एक साम्य आढळते. प्रश्नाचे मूळ बहुतेक वेळा शहराच्या हद्दीबाहेर असते आणि त्याचे परिणाम मात्र हद्दीच्या आत भोगावे लागतात.

महापूर आणि पूररेषा

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा तयार होते. गुप्त सरस्वती ही पाचवी नदी मानली जाते. या सर्व नद्या सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यातून येतात. कोल्हापूर ओलांडल्यावर नदीचा उतार कमी होतो आणि पुढे नृसिंहवाडी येथे ती कृष्णेस मिळते. कृष्णा त्याच वेळी दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकण्यास वाव राहत नाही. त्यामुळे कोल्हापुरातील पूर चढतो वेगाने आणि उतरतो संथपणे. शहरात पाऊस थांबून ऊन पडले आहे आणि पाणी मात्र वाढतच आहे, हा अनुभव नदीकाठच्या रहिवाशांना नवा नाही.

नदीची पातळी कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथील इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हे दोन आकडे शहरातील लहानथोरांना तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये ती ५६ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळी पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली. नदीकाठची पाणी उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असताना शहरात पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली. काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना अनेक वर्षे रखडली होती. ते पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात पोहोचले.

भोगावतीवरील राधानगरी धरणाची उभारणी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाली. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठरावीक पातळीनंतर पाण्याच्या दाबानेच ते उघडतात व पातळी उतरल्यावर आपोआप मिटतात. ही रचना अभियांत्रिकीदृष्ट्या कौतुकास्पद आहे. मात्र शहरात पूर आहे म्हणून दरवाजे काही तास रोखून धरण्याची सोय या रचनेत नाही. पूरनियंत्रण करायचे, तर जलाशयात आधीपासून जागा राखून ठेवावी लागते. उन्हाळ्यातील सिंचनाच्या गरजेमुळे हा निर्णय दरवर्षी अवघड ठरतो.

नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद आहे. या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. या उंचीवाढीस कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतून तीव्र विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने आपल्या अहवालात अलमट्टीला पुराचे मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांवर समितीने भर दिला. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झालेला नाही. तथापि, अलमट्टीवरील चर्चेच्या ओघात शहरातील बांधकामांचा प्रश्न बाजूला पडतो, हेही खरे आहे.

त्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी पूररेषा आहे. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही तीरांवर दोन रेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते, तर शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा दाखवते. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात अटींवर बांधकामास परवानगी मिळू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने गैरसमज होण्याचा संभव असतो. असा पूर येऊन गेला की पुढील नव्याण्णव वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, एवढेच त्यातून सूचित होते. शिवाय ही गणिते मागील नोंदींवर आधारलेली असतात. पात्रात भराव पडला किंवा पावसाचे मान बदलले, तर कागदावरची रेषा तीच राहते आणि पाणी तिच्यापलीकडे जाते.

जुने कोल्हापूर नदीलगतच्या ब्रह्मपुरीसारख्या उंचवट्यांच्या आधाराने वाढले. पेठा पुढे जयंती नाल्याच्या खोलगट भागाकडे सरकल्या. हा नाला शहरातून वाहत जाऊन पंचगंगेला मिळतो. नदीला पूर असताना त्याचे पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे फिरते. म्हणून नदीपासून अंतरावर असलेल्या लक्ष्मीपुरी व शाहूपुरीच्या काही भागांतही पाणी शिरते. शाहूपुरीतील कुंभार गल्लीचे नुकसान विशेष असते, कारण पुराचा काळ आणि गणेशमूर्तींच्या कामाचा हंगाम एकच असतो. २०१९ मध्ये गणेशचतुर्थी २ सप्टेंबर रोजी होती. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातील पुराने तयार व अर्धवट मूर्ती भिजल्या आणि नव्याने काम उभे करण्यास कारागिरांच्या हाती जेमतेम तीन आठवडे उरले.

हद्दवाढीचा प्रश्न

महानगरपालिका झाल्यानंतरच्या पहिल्या पन्नास वर्षांत कोल्हापूरची हद्द एकदाही वाढली नाही. राज्यातील इतर महानगरपालिकांच्या तुलनेत ही बाब असामान्य आहे. दरम्यान उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, सरनोबतवाडी, शिंगणापूर यांसारख्या गावांची वस्ती शहराला येऊन भिडली. एका बाजूची इमारत शहरात आणि समोरची ग्रामपंचायतीत, अशी स्थिती उपनगरांत अनेक ठिकाणी दिसते.

हद्दवाढीचे समर्थक असे मांडतात की शहराच्या सेवा वापरणारी लोकसंख्या मोठी असून करदाते व मतदार मात्र जुन्याच हद्दीतील आहेत. लोकसंख्येच्या निकषावर मिळणाऱ्या केंद्रीय व राज्य निधीतही त्यामुळे शहर मागे पडते. विरोधी गावांचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. घरफाळा वाढेल, शेतजमिनींवर आरक्षणे पडतील, ग्रामपंचायतीचा हाताशी असलेला कारभार जाईल, आणि जी महानगरपालिका आहे त्या हद्दीतील रस्ते व गटारे पुरी करू शकत नाही ती आणखी गावे कशी सांभाळणार, असा त्यांचा सवाल आहे. यावरून दोन्ही बाजूंनी बंद व मोर्चे झाले. तोडगा म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. त्यामुळे बांधकाम परवान्यांचे काम एका संस्थेकडे आले. सांडपाणी, कचरा व सार्वजनिक वाहतूक या हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू असणाऱ्या कामांना मात्र एकच धनी मिळाला नाही.

नियोजनाचा निर्णय नागरिकांना विश्वासात न घेता झाला तर काय होते, याचे उदाहरण शहरातील टोल आंदोलन आहे. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर एका खासगी कंपनीकडून सुमारे २२० कोटी रुपयांचा अंतर्गत रस्त्यांचा प्रकल्प राबविण्यात आला आणि त्याच्या वसुलीसाठी शहराच्या प्रवेशमार्गांवर टोलनाके उभारले गेले. शहरात येण्यासाठीच पैसे मोजावे लागणार, ही कल्पना कोल्हापूरकरांना पटली नाही. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या या लढ्यात शहरातील पेठा, तालमी आणि खेड्यांतील शेतकरीही उतरले. २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केला.

रंगभूमी आणि चित्रपट

शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोम येथील प्रेक्षागारे पाहिली होती. त्यातून खासबाग कुस्ती मैदान आणि त्यालगतच्या ‘पॅलेस थिएटर’ची कल्पना आकारास आली, असे मानले जाते. नाट्यगृह १९१५ मध्ये सुरू झाले. मध्ये खांब न ठेवता उभारलेले त्याचे प्रेक्षागृह ही त्या काळातील मोठी गोष्ट होती. पुढे त्यास गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूस आग लागून रंगमंच, छत व आतील लाकडी भाग जळून खाक झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. जुन्या भिंती व मूळ रूप राखून नाट्यगृह पुन्हा उभारावे, हा आग्रह कलावंतांनी धरला. शतकापूर्वीची लाकडी बांधणी आणि आजचे विद्युत भार, वातानुकूलन व अग्निसुरक्षेचे नियम यांचा मेळ घालणे हे अशा प्रत्येक वारसा वास्तूपुढील तांत्रिक आव्हान असते. त्याची किंमत येथे एका रात्रीत कळली.

चित्रपटाच्या बाबतीत कोल्हापूरची हानी इतकी दृश्य नाही. ती संथपणे होत गेली. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथे उभी राहिली व १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही कोल्हापुरातच झाली. पण १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली आणि कालांतराने उद्योगाचे केंद्र मुंबईत स्थिरावले. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भस्मसात झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. नंतर तो लता मंगेशकर यांच्या मालकीचा झाला. या जागेच्या विक्रीचे वृत्त पुढे आल्यावर २०२२ मध्ये कलावंतांनी आंदोलन केले. खासगी मालकीची, मध्यवस्तीतील मोलाची जमीन केवळ स्मृतीच्या आधारावर कशी राखायची, हा त्या वादातील खरा पेच होता आणि नगररचनेच्या नियमांत त्याचे सरळ उत्तर नाही.

शासनाची कोल्हापूर चित्रनगरी मोरेवाडी येथे, म्हणजे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. दीर्घकाळ ती ओस पडून होती. अलीकडे मालिकांच्या चित्रीकरणामुळे परिसरात पुन्हा काम आले. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६–२०२१) या मालिकेचे चित्रीकरण शहराजवळील वसगडे गावातील वाड्यात होत असे आणि तो वाडा पाहण्यास लोकांची रीघ लागत असे.

ऑनलाइन सुरक्षा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे येथे मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर ती विनंती ‘स्विच’ नावाच्या प्रणालीमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि खात्यात शिल्लक आहे का हे तपासून होकार किंवा नकार परत येतो. हल्लेखोरांनी या मार्गात स्वतःची बनावट प्रणाली घुसवली. ती मुख्य संगणकाला न विचारताच होकार देऊ लागली. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे रोकड काढण्यात आली, आणि १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आली. भारतात ज्या शहरांतून पैसे काढले गेले, त्यांत कोल्हापूरचा समावेश होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यातील न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. ही मंडळी रोकड काढण्याच्या साखळीतील होती.

सहकाराचे जाळे दाट असलेल्या कोल्हापूरसारख्या जिल्ह्यासाठी ही घटना धडा ठरली. गावोगावच्या लहान बँकांना स्वतंत्र संगणक सुरक्षा विभाग परवडत नाही. त्यामुळे त्या बाहेरच्या सेवा पुरवठादारांवर विसंबतात आणि एका पुरवठादाराची उणीव अनेक बँकांना भोवू शकते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट जारी केली. बँक जितक्या अधिक डिजिटल सेवा देते, तितक्या कडक अटी तिला लागू होतात.

व्यक्तींच्या फसवणुकीत संगणकापेक्षा भीती आणि लोभ हीच साधने असतात. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाखाली पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास रोखून ठेवले जाते. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो. ही एक गोष्ट ठाऊक असली तरी अनेक प्रकार टळतात. फसवणूक झालेली रक्कम भाड्याने मिळविलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकते. म्हणून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार नोंदविल्यास ती गोठविली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

ऑनलाइन मजकुराचे परिणाम रस्त्यावरही उमटतात. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील काही ‘स्टेटस’वरून शहरात तणाव निर्माण झाला, ७ जून रोजी दगडफेक व लाठीमार झाला आणि प्रशासनाने इंटरनेट सेवा तात्पुरती बंद केली. या उपायाने अफवांचा प्रसार मंदावतो, पण त्याच वेळी अधिकृत खुलासा, मोबाइलवरील व्यवहार आणि १९३० ला पूरक असलेले तक्रार पोर्टल हे मार्गही नागरिकांना बंद होतात.